एक्क्याचा बुधवार सोडू नका: ब्रिस्बेनच्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रति,
ब्रिस्बेन आणि आसपासची सगळी मराठी कुटुंबं,
तसेच इथल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

जुलै संपत आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. एक्क्याची, म्हणजे इथल्या शेतीप्रदर्शनाची, सुट्टी आठवड्याच्या मधोमध काय कामाची, ती सोमवारी नाहीतर शुक्रवारी द्या, म्हणजे जोडून तीन दिवस मिळतील. या वेळी त्याच्यासोबत कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, पाठवायच्या निवेदनाचा मसुदाही आला आणि खाली भराभर नावं पडली. त्यात माझ्या मैत्रिणी आहेत. ज्यांच्या घरी मी हक्कानं जेवायला जाते, त्या काकूही आहेत. माझं नाव त्यात नाही. का नाही, हे ग्रुपवर चार ओळींत सांगितलं असतं तर नुसता वाद झाला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

विनंती आधीच सांगून टाकते. त्या निवेदनातून आपली नावं मागे घ्या. आणि एक्क्याच्या बुधवारी एक्क्याला जा.

आपल्यात नुकतेच इकडे आलेले बरेच जण आहेत. ही सुट्टी नक्की कशाची, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ऑफिसच्या कॅलेंडरवर नुसतं ‘रॉयल क्वीन्सलंड शो’ एवढंच लिहिलेलं असतं. तर एक्का म्हणजे या राज्याचं मोठं शेतीप्रदर्शन. दर ऑगस्टमध्ये बोवेन हिल्सच्या मैदानावर नऊ दिवस भरतं. पहिलं भरलं ते 22 ऑगस्ट 1876 ला, म्हणजे 2026 मध्ये त्याला दीडशे वर्षं होतात. त्या काळी ब्रिस्बेनची वस्ती 22,000 च्या आसपास होती आणि पहिल्याच दिवशी सुमारे 17,000 माणसं प्रदर्शनाला लोटली. त्या दिवशीही सरकारनं सुट्टी दिली होती. आज जी सुट्टी मिळते ती प्रदर्शनाच्या मधल्या बुधवारी, आणि त्या दिवसाचं नाव ‘पीपल्स डे’, लोकांचा दिवस. 1919 मध्ये फ्लूची साथ, 1942 मध्ये युद्धासाठी मैदान लष्कराच्या ताब्यात, आणि मग 2020 व 2021 मध्ये कोविड, एवढीच वर्षं प्रदर्शन रद्द झालं.

त्यातलं 2021 नीट आठवा. उद्घाटनाला काही दिवस उरले असताना प्रदर्शन रद्द झालं. सरकारनं त्या वर्षीची सुट्टी 29 ऑक्टोबरच्या शुक्रवारी दिली. आज निवेदनात जे मागितलं आहे तेच तेव्हा मिळालं होतं, जोडून तीन दिवस. लोक समुद्राकडे गेले, डोंगराकडे गेले. प्रदर्शनच नव्हतं तेव्हा दुसरं करणार तरी काय? दोन वर्षं मार खाल्लेल्या हॉटेलवाल्यांना त्याचा आधार झाला, हेही चांगलंच झालं. पण त्या तीन दिवसांत माझ्या कानावर शेतीतला एक शब्दही पडला नाही. साथीमुळे नाइलाजानं जे झालं, ते आपण कायमचं करा म्हणून सही देतो आहोत.

या सुट्टीचा पाया कायद्यात आहे, तोही सांगते. क्वीन्सलंडच्या 1983 च्या सुट्ट्यांच्या कायद्यानुसार प्रत्येक कौन्सिल आपल्या भागासाठी अशी एक सुट्टी दरवर्षी सरकारकडे मागते. ती सार्वजनिक सुट्टी ठरते ती वार्षिक शेती, फळबाग किंवा औद्योगिक प्रदर्शनाच्या नावावर. दुसऱ्या कारणासाठी मागितलेला खास दिवस फक्त बँकांच्या सुट्टीपुरता राहतो. म्हणून तर तुवूम्बाची सुट्टी मार्चअखेर येते, मकायची जूनमध्ये, केर्न्सची जुलैमध्ये. ज्या गावाचं प्रदर्शन जेव्हा, तेव्हा त्या गावाची सुट्टी. आपल्याकडे कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात तशीच ही रीत. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला सुट्टी असते, ती तान्ह्या पोळ्यासाठी असते. महाबळेश्वरला जायला सोयीचं पडावं म्हणून ती कुणी सोमवारी सरकवा म्हटलं तर नागपूरकर ऐकून घेतील का?

आता बुधवारच का, याबद्दल. आपल्या ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं असं की आठवड्याची लय तुटते. मंगळवारी रात्री घाई, गुरुवारी सकाळी पुन्हा मीटिंग, मधला दिवस झोपण्यात जातो. लहान धंदेवाल्यांची तक्रार वेगळी, आणि ती जास्त खरी आहे: त्या दिवशी दुकान उघडं ठेवायचं तर जादा पगार द्यावा लागतो आणि बंद ठेवायचं तर गिऱ्हाईक जातं. ती तक्रार मी हलक्यात घेत नाही. पण सुट्टी सोमवारी नेली म्हणून ती मिटत नाही, जादा पगार सोमवारीही द्यावाच लागेल. राहिली लय तुटण्याची गोष्ट. पोळा श्रावणी अमावास्येला येतो. अमावास्या मंगळवारी आली तर मंगळवारी बैलाच्या खांद्यावरचं जू उतरतं, गुरुवारी आली तर गुरुवारी. तो रविवारला जोडून घ्या असं आपल्या आजा-पणजांपैकी कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्याच्यासाठी दिवस पाळायचा त्याच्या सोयीनं तो पाळायचा असतो.

शिवाय या प्रदर्शनाला दोन शनिवार-रविवार आधीच मिळतात. बुधवार हा त्याच्या बरोबर पोटातला दिवस. शाळांचं सत्र चालू असतं, तरी त्या दिवशी मुलं मोकळी असतात. एकाच दिवसाची सुट्टी असल्यामुळे कुणी नूसाला मुक्कामाला जात नाही, गोल्ड कोस्टला खोली घेत नाही. शहर शहरातच राहतं आणि गाव शहरात आलेलं असतं. सुट्टी सोमवारी गेली की शनिवारी सकाळीच गाड्या बाहेर पडणार, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मसुद्यात ‘कुटुंबासोबत प्रवासाला वेळ मिळेल’ असं स्पष्ट लिहिलंच आहे. म्हणजे सुट्टी शेतीप्रदर्शनाच्या नावावर घ्यायची आणि प्रदर्शनाकडे पाठ फिरवायची. हे मला पटत नाही.

जे अजून गेलेले नाहीत, किंवा एकदा जाऊन पाळण्यात बसून आणि मुलांना शोबॅग, म्हणजे खेळणी-खाऊची पिशवी, घेऊन देऊन परतले, त्यांना तिथं खरं काय असतं ते सांगते. पाळणे आणि फुगे म्हणजे एक्का नव्हे. सकाळी गेलात की थेट गुरांच्या शेडकडे जा. शेकडो मैलांवरून ट्रकमधून आणलेली जनावरं, त्यांच्याशेजारी पेंढ्यावर खुर्ची टाकून बसलेली माणसं. शाळेतली पोरं वळूंना धुतात, पुसतात, वाऱ्याच्या यंत्रानं केस वाळवतात, शेपटीचा गोंडा विंचरतात. मग रिंगणात नेतात. पंच एकेका जनावराभोवती फिरतो, त्याला चालायला लावतो, पाय कसा पडतो ते मागून बघतो, पाठीवरून हात फिरवतो. आणि निकाल दिल्यावर माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर कारण सांगतो: पहिल्याला पहिलं का, दुसरं कुठे कमी पडलं. ज्यांचा नंबर गेला तेही तिथंच उभे राहून ऐकतात. निळी फीत पहिल्याची. हा कारणं सांगण्याचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या मुलांनी कुठल्याही स्पर्धेत इतका उघड निवाडा पाहिलेला नसतो.

मी उदगीरकडची. आमच्या भागात देवणी जनावर. तिच्यात वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार, आणि अण्णा लांबून नुसत्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्यावरून कोणता ते ओळखायचे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा मोठा बाजार, आणि जिल्हा परिषदेचं पशुप्रदर्शन. लाल कंधारी आणि देवणीचे वळू नटवून आणतात, नंबर काढतात. अण्णा दादाला घेऊन जायचे. मला कधी नेलं नाही, मुलींनी जनावरांच्या बाजारात जायची पद्धत नव्हती. जनावराची पारख मी घरात बसून, त्यांच्या परतल्यानंतरच्या गप्पा ऐकून शिकले. इथं आल्यावर पहिल्यांदा रिंगणात एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तिच्या तिप्पट वजनाच्या कितीतरी पुढचा वळू कासऱ्यावर धरून चालवताना पाहिली, तेव्हा मी लेकीला उचलून पुढच्या फळीवर उभं केलं. तिला तो वळू दिसावा यापेक्षा ती मुलगी दिसावी म्हणून.

आणि या गुरांत आपलं रक्त आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. क्वीन्सलंडच्या रानात जी वशिंडवाली, लांब कानांची, मानेखाली पोळी लोंबणारी गुरं दिसतात ती ब्राह्मन जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1920 च्या दशकापर्यंत भारतातून अमेरिकेत गेलेल्या गुरांपासून ही जात तिकडे तयार झाली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातली आपली कृष्णाकाठची जात, हे तिचे पूर्वज. 1933 मध्ये ती अमेरिकेतून इथं आणली गेली. युरोपातून आलेली गुरं इथल्या उन्हाला आणि गोचिडांना टिकत नव्हती, वशिंडवाली टिकली. तिचा शॉर्टहॉर्न या विलायती जातीशी संकर करून उत्तर क्वीन्सलंडमध्ये ड्रॉटमास्टर ही जात तयार झाली. सांगली-मिरजेकडच्या मंडळींनो, तुमच्या नदीकाठचं जनावर आपल्या आधी या मुलखात पोचलं आणि त्यानं इथला धंदा सावरला. त्याच्या शेडमध्ये उभं राहून मुलांना हे सांगायला वर्षात एक दिवस काढायचा नाही?

इथं एक गोष्ट आडवी येते आणि ती मी झाकून ठेवणार नाही. यातली बरीच जनावरं मांसासाठी वाढवलेली असतात. काही स्पर्धांत तर जनावराचा निवाडा आधी जिवंतपणी आणि मग कत्तलीनंतर होतो. आपल्यातली काही घरं केवळ एवढ्यासाठी जात नाहीत, आणि मला त्यांचं मन कळतं. आमच्या घरी माळकरी माणसं आहेत. माझी सासू एकदा आली होती तेव्हा ती त्या शेडमध्ये शिरली नाही, दुभत्या गाईंपाशी आणि मेंढ्यांपाशी बसून राहिली, आणि तिथल्या एका म्हातारीशी खाणाखुणांनी धारा काढण्याबद्दल बोलत राहिली. तुम्हीही तसं करू शकता. लोकरीच्या मेंढ्या आहेत, शेळ्या आहेत, घोडे आहेत, कोंबड्या आहेत, मध आहे, फुलं आहेत, लाकूडतोड्यांच्या स्पर्धा आहेत. शेतकऱ्याला भेटायला त्याचा सगळाच धंदा आपल्याला पटला पाहिजे असं नाही. पण ज्या राज्यात आपण राहतो ते गुरांवर आणि रानावर उभं आहे, आणि ते न बघताच राहायचं, हे बरं नव्हे.

आपल्या ताटापासूनही सांगता येईल. आठवड्याला जो कोबी, कांदा, बीट आपण घेतो त्यातला पुष्कळसा लॉकियर व्हॅलीतून येतो, गॅटनच्या आसपासच्या काळ्या मातीतून. ही माती बघायला मराठवाड्यातल्या माणसानं एकदा तरी जावं, घरी आल्यासारखं वाटतं. डार्लिंग डाउन्सवर आणि मध्य क्वीन्सलंडमध्ये मूग पिकतो आणि देशी हरभरा पिकतो. तोच हरभरा जहाजानं भारत, बांगलादेश, पाकिस्तानकडे जातो. 2017 च्या डिसेंबरात भारतानं त्यावर 30 टक्के आयातशुल्क लावलं आणि 2018 च्या मार्चपर्यंत ते 60 टक्क्यांवर नेलं. लातूरच्या बाजारात हरभरा विकणाऱ्या माझ्या दादाला त्या निर्णयानं धीर आला. इथल्या हरभरा पिकवणाऱ्याचं त्याच निर्णयानं कंबरडं मोडलं. 2024 च्या मे महिन्यात भारतानं शुल्क काढलं, तेव्हा दादाचा फोनवरचा आवाज उतरला होता. एकदा एक्क्यात डाउन्सकडच्या एका शेतकऱ्याशी ओळख झाली, तर मी भारतातली आहे म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो या शुल्काचा. मी त्याला सांगितलं, माझा भाऊ तुमच्या समोरच्या पारड्यात बसलेला आहे. तो बराच वेळ दादाच्या शेताबद्दल विचारत राहिला: किती जमीन, पाणी कुठलं, पेरणी कधी, भाव कोण ठरवतं. पिठल्याचं बेसन आपण दुकानातून आणतो, पण त्यामागे दोन देशांतली दोन घरं एकमेकांच्या विरुद्ध बाजूला बसलेली आहेत, हे मला त्या दिवशी माणसाच्या चेहऱ्यावर दिसलं. बातम्यांत ते असं दिसत नाही.

संकटांचंही तसंच. 2019 च्या फेब्रुवारीत वायव्य क्वीन्सलंडमध्ये, कित्येक वर्षांच्या दुष्काळानंतर, असा पाऊस झाला की लाखो गुरं पाण्यात आणि गारठ्यात मेली. आपण ब्रिस्बेनमध्ये ते टीव्हीवर दोन दिवस पाहिलं. 2018 च्या सप्टेंबरात स्ट्रॉबेरीत सुया सापडल्या तेव्हा याच राज्यातल्या शेतकऱ्यांनी तोडलेली फळं ट्रक भरभरून फेकून दिली. इथली स्ट्रॉबेरी हिवाळ्यात पिकते, म्हणून तर एक्क्याची ती प्रसिद्ध स्ट्रॉबेरी-आइसक्रीमची संडे ऑगस्टमध्ये मिळते आणि तिचे पैसे चर्मसाइडच्या प्रिन्स चार्ल्स हॉस्पिटलच्या संशोधनासाठी जातात. फळ शेतकऱ्याचं, पैसे रुग्णांसाठी. मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळ काय हे कुणी समजावून सांगायला नको. 2016 मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. ती रेल्वे आली तेव्हा साऱ्या देशानं बघितलं, म्हणून निदान काही दिवस तरी आमची चर्चा झाली. शेतकऱ्याकडे कुणी बघत नाही तेव्हा काय होतं हे आपल्याला घरातून माहीत आहे. आपल्यातल्या बहुतेकांचे वडील नाहीतर आजोबा शेती करत होते. कुणाच्या घरात कर्जाच्या गोष्टी झालेल्या आहेत, कुणाच्या घरात त्याहून वाईट झालेलं आहे. इथलं हे शहर वर्षातला एक कामाचा दिवस थांबवतं आणि सांगतं, आज शेतकऱ्याच्या दारी जा. तो दिवस बदलून मागणाऱ्यांच्या यादीत आपली नावं असावीत, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मैदानाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पुढची काही वर्षं ते चर्चेत राहणार आहे. हा सगळा परिसर, शेजारच्या व्हिक्टोरिया पार्कसकट, टर्बल आणि यागेरा या मूळनिवासी लोकांची जमण्याची जागा होती. प्रदर्शनाच्या आधी कितीतरी काळ. आपल्या क्रिकेटवेड्या मंडळींसाठी: डॉन ब्रॅडमनची पहिली कसोटी याच मैदानावर झाली, 1928 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. त्यानं 18 आणि 1 धावा केल्या, ऑस्ट्रेलिया 675 धावांनी हरली आणि त्याला पुढच्या सामन्यातून वगळलं. आता 2032 च्या ऑलिंपिकसाठी खेळाडूंची वसाहत इथं करायची असं सरकारनं 2025 मध्ये जाहीर केलं आहे, आणि नंतर तिथं घरं होतील. शहराच्या पोटात अशी मोक्याची जमीन आहे आणि जमिनीची भूक कशी असते हे मुंबई-पुण्याहून आलेल्यांना मी सांगायला नको. प्रदर्शनाची जागा राखायला कायदा, करार सगळं लागेलच. पण त्याआधी माणसं लागतील. गुरांच्या शेडमध्ये गर्दी असली तर शेड राहतील. सुट्टीच्या दिवशी तिथं शुकशुकाट दिसू लागला तर ‘या जागेचा आणखी चांगला उपयोग’ सुचवणारे कमी नाहीत.

आता मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना काही सांगायचं आहे. एक्क्याचा बुधवार गणपतीच्या थोडा आधी येतो, त्यामुळे ढोल-ताशाचा सराव, नाटकाची तालीम, मखराची बैठक असं सगळं हटकून त्याच दिवशी ठेवलं जातं. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून तुम्ही ठेवता, हे मला कळतं, आणि तुम्ही किती राबता हेही मी पाहते. पण तो एक दिवस मोकळा सोडा. जमलं तर मंडळातर्फेच जा. गॅटनला शेतीचं शिकणारी आपली मुलं-मुली आहेत, राहुरी, परभणी, अकोल्याची पदवी घेऊन आलेली. त्यांच्यातल्या कुणाला सोबत घ्या आणि पोरांना त्यांच्याकडून गुरं, गवत, लोकर समजून घेऊ द्या. वर्षभर आपण त्यांना फक्त गणपतीच्या दिवसांत खुर्च्या उचलायला बोलावतो. त्यांना जे येतं ते त्या दिवशी आपल्यापैकी कुणालाच येत नाही.

आणि बायकांनो, खास तुम्हाला. एक्क्यात केक, स्कोन, जॅम, चटण्या, लोणची यांच्या स्पर्धा असतात. बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात, वर फिती. मी दरवर्षी तिथं उभी राहते आणि मनात म्हणते, आपल्या काकूंचं लिंबाचं लोणचं इथं का नाही? नावनोंदणी काही महिने आधीच बंद होते, त्यामुळे या वर्षी उशीर झाला असेल. पुढच्या वर्षासाठी आत्तापासून मनात धरा. नियम नीट वाचायला लागतात, बाटली कशी, झाकण कसं, वर्ग कोणता. ते काम मी करीन, अर्ज भरून देईन. तुम्ही फक्त लोणचं घाला. प्रेक्षक म्हणून तिकीट काढून जाणं वेगळं आणि आपली बाटली त्या फळीवर असणं वेगळं. देवणीच्या वळूला माळेगावात फीत मिळते तेव्हा त्या घरातले चार दिवस जमिनीवर नसतात. इथंही तो मान आपल्याला घेता येतो, कुणी अडवलेलं नाही.

पैशांचं बोलते, कारण ती अडचण खरी आहे. चौघांचं घर तिकीट, पाळणे, शोबॅग आणि खाणं धरून गेलं तर खिशाला मोठा खड्डा पडतो. विद्यार्थ्यांना आणि नव्यानं आलेल्यांना तो झेपत नाही. तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात. घरून डबा न्या, पोळी-भाजी आणि पाण्याच्या बाटल्या. गुरांचे निवाडे, मोठ्या मैदानावरची जनावरांची मिरवणूक, लाकूडतोडे, पिल्लांचा गोठा, हे सगळं प्रवेशाच्या तिकिटातच येतं; पाळण्यांचे पैसे वेगळे. मुलांना घरीच सांगा की शोबॅग एकच. ज्यांना त्या दिवशी कामावर जाणं भाग आहे, नर्सिंगवाले, टॅक्सीवाले, गोदामात रात्रपाळी करणारे विद्यार्थी, त्यांनी जादा पगाराचा दिवस खुशाल कमवावा आणि नऊपैकी दुसऱ्या कुठल्या दिवशी जावं. बुधवार वाचला पाहिजे असं मी म्हणते तेव्हा तुमचा पगार बुडावा असं म्हणत नाही.

ऑगस्टमधला तो पश्चिमेचा बोचरा वारा असतो आणि गर्दीत सर्दी-खोकलाही फिरतो, हे खरं. म्हाताऱ्या माणसांना नेताना शाल घ्या, सकाळी लवकर न्या आणि दुपारी गर्दी वाढायच्या आत परत आणा. गाडी नेऊ नका. फॉर्टिट्यूड व्हॅली स्टेशनवर उतरून चालत जाता येतं.

निवेदनाचं काय करायचं, तेही सांगते. ज्यांनी मसुदा तयार केला त्यांच्याशी माझं वैर नाही. त्यांतले दोघे माझ्या घरी येऊन जाऊन असतात. मी त्यांना आधी फोन करून सांगितलं आहे की असं पत्र लिहिते आहे. आपल्याला सुट्ट्या कमी पडतात, घरी जायला चार दिवस सलग मिळत नाहीत, हे दुःख खोटं नाही. त्यासाठी वेगळी सुट्टी मागा, रजेचे नियम सैल करायला सांगा, मी पहिली सही करीन. पण जी सुट्टी शेतकऱ्याच्या नावानं आहे ती त्याच्याकडून काढून घेऊन नको.

नावं मागे घेतल्याचं ग्रुपवर लिहिलं तरी पुरे. ज्यांना घरच्यांसोबत यायचं आहे त्यांनी मंगळवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा. म्हाताऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी कोण कुणासोबत ते ठरवून ठेवू. मी बुधवारी सकाळी दार उघडल्यापासून ब्राह्मन गुरांच्या शेडपाशी असेन. डबा जास्तीचा आणते आहे.

आपली,
उदगीरकडच्या एका शेतकऱ्याची लेक,
ब्रिस्बेन